भूकंपशास्त्रज्ञ जॉन मिल्न

इ. स. २०१८ च्या नोव्हेंबर महिन्यांत आमच्या पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकास, डहाणू व तलासरी या तालुक्यांत, धरणी हालूं लागली. प्रथम कोणीं फारसें मनावर घेतलें नाहीं. परंतु दिवसांमागून दिवस गेले, थंडी वाढली, आणि धक्के कांहीं थांबेनात. धुंदलवाडीच्या आसपासच्या पाड्यांतील माणसें रात्रीं घराबाहेर ताडपत्रीच्या आडोशाला निजूं लागलीं. सरकारनें तंबू दिले. कित्येक ठिकाणीं शाळेंतील मुलें वर्ग सोडून पटांगणांत बसूं लागलीं. ता. १ फेब्रुवारी २०१९ रोजीं त्या मालिकेंतील मोठ्यांपैकीं एक धक्का बसला. त्याचें मान चाराच्या किंचित् वर होतें. त्या दिवशीं घाबरून घराबाहेर धांवतांना पडून दोन वर्षांची एक मुलगी दगावली. आम्ही बोईसरचे रहिवासी. येथें मांडणीवरचीं भांडीं वाजलीं कीं आमच्या मनांत पहिला विचार येतो तो कारखान्यांचा. कोठें स्फोट झाला असेल असें वाटून आम्ही खिडकींतून धूर दिसतो कीं काय तें पाहतों. त्या हिवाळ्यांत धूर दिसला नाहीं, आणि भांडीं मात्र पुन्हां वाजलीं.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या लोकांनीं तेथें येऊन जागोजाग यंत्रें बसविलीं. धक्के किती खोलीवरून येतात, कोणत्या गांवाखालून येतात, दिवसाकाठीं किती येतात, हें त्या यंत्रांनीं सांगितलें. यंत्रानें धक्का थांबत नाहीं हें खरें. पण कशास भ्यावें व कशास भिऊं नये एवढें तरी कळतें. ज्यास आपण भितों त्याचा हिशेब ठेवतां येतो, ही गोष्ट मनुष्यजातीस फार उशिरां उमगली. ती उमगण्यांत ज्या एका पुरुषाचा वांटा फार मोठा, त्या जॉन मिल्न यांचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थी वाचकांपुढें ठेवीत आहों.

मिल्न यांचा जन्म ता. ३० डिसेंबर १८५० रोजीं इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरीं झाला. आईबापांचे ते एकुलते एक. बाळपण रॉचडेल या गिरण्यांच्या गांवीं गेलें. पुढें लंडनांतील किंग्ज कॉलेजांत व नंतर तेथील राजकीय खाणविद्यालयांत त्यांचें शिक्षण झालें. भटकण्याचा नाद त्यांस लहानपणापासून होता. विद्यार्थिदशेंतच ते आइसलंड बेटावरील बर्फाच्या पठारांवर हिंडून आले. शिक्षण संपल्यावर खाणींच्या शोधार्थ न्यूफाउंडलंड व लॅब्राडॉर या ओसाड मुलखांत त्यांनीं कांहीं काळ घालविला, आणि १८७४ सालीं एका संशोधकमंडळाबरोबर ते सिनाईच्या वाळवंटांत गेले. असा हा मनुष्य भूकंपासाठीं जन्मास आला होता असें त्या वेळीं कोणींहि म्हटलें नसतें. खाणींत काय सांपडेल, दगड कोणत्या जातीचा आहे, एवढेंच त्यांचें शास्त्र होतें.

त्या सुमारास जपान देश पाश्चात्य विद्या आत्मसात् करण्याच्या मागें लागला होता. तोकियो येथें नव्यानेंच काढलेल्या राजकीय अभियांत्रिकी विद्यालयांत खाणविद्या व भूस्तरशास्त्र शिकविण्यासाठीं मिल्न यांची नेमणूक झाली. वय पंचविसाच्या आंत. आगबोटीनें जावें, तर समुद्र लागण्याचा त्यांस विलक्षण त्रास. म्हणून या गृहस्थांनीं खुष्कीचा मार्ग धरला! १८७५ च्या ऑगस्टमध्यें ते निघाले आणि रशिया, सैबेरिया, मंगोलिया व चीन असा प्रवास, कांहीं घोड्यावरून, कांहीं उंटावरून, कांहीं बर्फावरच्या गाडींतून करीत, १८७६ च्या मार्च महिन्यांत तोकियोस पोंचले. सात महिने लागले. समुद्र अगदींच टळला असें नाहीं, कारण जपान हें बेट आहे. पण तो शेवटचा तुकडा तेवढा त्यांनीं सोसला.

तोकियोंतील पहिल्याच रात्रीं भूकंपानें त्यांचें स्वागत केलें. जपानांतील लोकांस त्याचें नवल नव्हतें. त्यांच्या जुन्या समजुतीप्रमाणें भूमीखालीं एक प्रचंड मासा असतो, व तो शेपूट हालवितो तेव्हां घरें पडतात. आमच्याकडे शेषानें मस्तक हालविल्याची कथा आहे. तिकडे मासा, इकडे नाग, एवढाच काय तो फरक. जे लोक समुद्रकांठीं राहतात त्यांस मासा सुचावा हें साहजिकच आहे. मिल्न यांनीं या कथेस हंसण्याऐवजीं एक साधी गोष्ट केली. प्रत्येक धक्क्याची वेळ, दिशा व लांबी ते टिपून ठेवूं लागले. प्रथम त्यांची साधनें घरगुतीच होतीं. तबकांत पाणी किंवा पारा भरून ठेवावा, लहानमोठ्या कांड्या उभ्या करून कोणती कोणत्या बाजूस पडते तें पाहावें, असे प्रकार चालत. परंतु एक अडचण पदोपदीं येई, आणि ती विचार करण्याजोगी आहे. जमीन हालली म्हणजे तिच्यावरचें घर हालतें, मेज हालतें, मेजावरचें यंत्र हालतें आणि पाहणारा मनुष्यहि हालतो. मग मोजावें तें कशाच्या आधारानें? ज्या जगांत सर्वच हालत आहे तेथें न हालणारी वस्तु आणावी कोठून?

ता. २२ फेब्रुवारी १८८० रोजीं योकोहामा बंदरास एक चांगला धक्का बसला. जीवहानि फारशी झाली नाहीं. पण गोऱ्या व्यापाऱ्यांच्या घरांचीं विटांचीं धुराडीं कोसळलीं, व त्यामुळें तेथील परकीयांची झोंप उडाली. मिल्न यांनीं या संधीचा उपयोग करून घेतला. त्याच वर्षीं जपानची भूकंपसभा स्थापन झाली. केवळ भूकंपांच्या अभ्यासास वाहिलेली अशी सभा यापूर्वीं जगांत कोठेंहि नव्हती. तिचे अहवाल छापणें, लेख मिळविणें, सभासदांस तगादे लावणें, हें सारें ओझें बहुतांशीं मिल्न यांनींच वाहिलें. त्यांचे सहकारी जेम्स यूइंग व टॉमस ग्रे यांनीं व त्यांनीं मिळून वर सांगितलेल्या अडचणीचा तोडगा काढला. कुंपणाचें फाटक बिजागऱ्यांवर किंचित् कललेलें असलें म्हणजे तें हलकेंच झुलून एका जागीं स्थिर होतें, हें सर्वांनीं पाहिलें आहे. तशाच रीतीनें एक आडवी दांडी तिच्या टोंकास वजन लावून टांगली, तर जमीन एकाएकीं सरकली तरी तें जड वजन कांहीं क्षण आपल्या जागीं मागें राहतें. त्याच्या व जमिनीच्या स्थितींत जो फरक पडतो, तोच फिरत्या कागदावर रेघेच्या रूपानें उमटवावयाचा. न हालणारी वस्तु ती हीच. पुढील सर्व भूकंपलेखक यंत्रें या एका कल्पनेचा विस्तार होत.

यंत्र झालें, पण तें ठेवावें कोठें? येथें मिल्न यांची व्यवहारबुद्धि दिसते. तोकियोभोंवतालच्या शंभर मैलांतील गांवोगांवच्या अधिकाऱ्यांकडे त्यांनीं पोस्टकार्डांचे गठ्ठे पाठवून दिले. दर आठवड्यास एक कार्ड टपालांत टाकावें, व त्यांत धक्का जाणवला असल्यास त्याची वेळ लिहावी, एवढीच विनंति. कार्डें येऊं लागलीं आणि नकाशावर टिंबें पडूं लागलीं. धक्के सर्व दिशांनीं सारखे येत नाहींत, ते कांहीं ठराविक प्रदेशांतून निघतात, आणि डोंगरांच्या पलीकडे कित्येकदां पोंचतहि नाहींत, हें त्या स्वस्त कार्डांनीं दाखवून दिलें. आम्हांस ही युक्ति फार आवडते. शेतकरी, पाटील, पोस्टमास्तर या साध्या माणसांस त्यांनीं शास्त्राच्या कामाला लाविलें.

भूकंप येईपर्यंत वाट पाहणेंहि त्यांस जड जाई. मग ते स्वतःच भूकंप करीत! उंचावरून लोखंडाचा जड गोळा जमिनीवर सोडावा, किंवा खड्ड्यांत सुरुंगाची दारू उडवावी, आणि ठराविक अंतरांवर ठेवलेल्या यंत्रांवर तो हादरा केव्हां व किती पोंचतो तें पाहावें. यांतून जें कळलें त्यांतील एक गोष्ट आमच्यासारख्या खाडीकांठच्या लोकांनीं विसरूं नये. कठीण खडकापेक्षां मऊ, भुसभुशीत जमीन अधिक हालते. खाजण बुजवून त्यावर भराव घातलेल्या जागेवर जी इमारत उभी राहते, ती खडकावरील इमारतीपेक्षां एकाच धक्क्यांत अधिक झोके खाते. बोईसर ते पालघर या पट्टींत गेल्या कांहीं वर्षांत भरावावर ज्या नव्या वसाहती झाल्या आहेत, त्यांकडे पाहतांना ही गोष्ट आमच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

त्यांचा आणखी एक प्रयोग मोठा गमतीचा आहे. घर जमिनीस जखडून न ठेवतां लोखंडी गोळ्यांवर ठेवलें तर जमीन खालच्याखालीं सरकेल व घर जागच्या जागीं राहील, असा त्यांचा तर्क होता. त्यांनीं खरोखरच तसें एक लहानसें लांकडी घर बांधून तें लोखंडाच्या मोठ्या गोळ्यांवर ठेविलें. भूकंपांत तें बरें वागलें. पण वारा सुटला कीं घर आपलें फिरावयास निघे! मग गोळे लहान केले, आणखी लहान केले, आणि शेवटीं बंदुकीच्या छऱ्यांएवढे बारीक दाणे घातल्यावर घर वाऱ्यास दाद देईनासें झालें. आज जगांतील कित्येक मोठ्या इमारती व पूल रबराच्या व पोलादाच्या गाद्यांवर उभे असतात. त्यांची ही पणजी म्हणावयास हरकत नाहीं.

१८८१ सालीं मिल्न यांनीं तोने होरिकावा या जपानी तरुणीशीं विवाह केला. उत्तरेकडील हाकोदाते बंदरांतील एका बौद्ध मंदिराच्या प्रमुखांची ती कन्या. त्या काळीं अशा विवाहाकडे दोन्ही बाजूंचे लोक कोणत्या नजरेनें पाहत असतील याची कल्पना वाचकांनींच करावी. या बाईंनीं पुढें पतीबरोबर मायदेश सोडला व चोवीस वर्षांहून अधिक काळ परमुलखांत काढला.

आतां ज्या घटनेनें मिल्न यांच्या साऱ्या विद्येची परीक्षा झाली तिच्याकडे वळूं. ता. २८ ऑक्टोबर १८९१ रोजीं सकाळीं साडेसहाच्या सुमारास, नागोया शहराच्या उत्तरेकडील मिनो व ओवारी या सुपीक प्रांतांत असा भूकंप झाला कीं जपानच्या भूमीवर तेवढा मोठा अलीकडच्या काळांत माहीत नव्हता. सात हजारांहून अधिक माणसें मेलीं, आणि एक लाखाहून अधिक घरें जमीनदोस्त झालीं. न्याहारीची वेळ, घरोघर चुली पेटलेल्या; पडलेल्या घरांस आग लागून ढिगाऱ्याखालीं सांपडलेले लोक जळाले. नद्यांचे बांध फाटले व खचले. नागारा नदीवरचा नवा लोखंडी रेल्वेपूल कोसळला. परदेशी पद्धतीनें बांधलेल्या विटांच्या गिरण्या ढासळल्या. नागोयाचा जुना किल्ला मात्र उभा राहिला. मिल्न त्या प्रदेशांत गेले, आणि त्यांचे सहकारी बर्टन यांच्यासह त्यांनीं छायाचित्रांसहित एक मोठें पुस्तक प्रसिद्ध केलें. ज्या नव्या विद्येचे प्रतिनिधि म्हणून त्यांस जपानांत बोलाविलें होतें, तिच्याच विटा व लोखंड तेथें ओळीनें पडलेलें त्यांनीं पाहिलें. नव्याचा हट्ट धरूं नये व जुन्याचाहि धरूं नये, असें त्या पाहणीवरून कोणासहि वाटावें. कारण जुनीं जपानी घरेंहि कांहीं कमी पडलीं नव्हतीं. त्यांचे लांकडी खांब बारीक, आणि डोक्यावर चिखलांत बसविलेल्या कौलांचा भार फार मोठा. भार वर व बळ खालीं नाहीं, अशा घराचा शेवट ठरलेला असतो.

हें वाचतांना आमच्या डोळ्यांपुढें दोन चित्रें उभीं राहतात. एक लातूर जिल्ह्यांतील किल्लारीचें. ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, गणपति बोळवून दमून निजलेलीं गांवें कांहीं सेकंदांत नाहींशीं झालीं. भूकंपाचें मान सहाच्या थोडें वर, म्हणजे मिनो-ओवारीच्या मानानें कितीतरी लहान. पण सुमारें दहा हजार माणसें गेलीं. तेथील घरांच्या भिंती गोल दगडांच्या, चिखलांत रचलेल्या, हात-दीड हात जाड, आणि वर मातीचें जड माळवद. उन्हाळ्यांत तीं घरें थंड असत. चोरास भिंत फोडणें कठीण जाई. त्याच भिंतींनीं आपलीं माणसें पुरलीं. दुसरें चित्र आमच्या शेजारचें. डहाणू-तलासरीच्या वारली बांधवांचें जुनें घर कारवीच्या कुडाचें, शेणामातीनें सारवलेलें. तें हालतें, करकरतें, माती झडते. पण अंगावर पडलें तरी मनुष्य प्रायः उठून बाहेर येतो. अलीकडे त्याच पाड्यांत विटांच्या भिंती आल्या. पक्कें घर हवें ही इच्छा रास्तच आहे, पावसापासून व आगीपासून तें राखतें. परंतु कोंपऱ्यांत व दाराच्या वर लोखंडी सळईचा पट्टा न घालतां नुसत्या विटा एकावर एक ठेवल्या, तर त्या घरास पक्कें म्हणण्याचा अधिकार कोणास आहे? २०१९ मधील तडे बहुशः अशाच भिंतींस गेले.

मिनो-ओवारीच्या भूकंपानें दुसराहि एक प्रश्न निकालांत आणला. तोंवर भूकंप म्हणजे ज्वालामुखीचा भाऊ, भूमीच्या पोटांतील आगीचा उद्रेक, असें पुष्कळ विद्वान मानीत. येथें जवळपास ज्वालामुखी पेटला नव्हता. उलट नेओ नदीच्या खोऱ्यांत शेतें, रस्ते व टेकड्या कापीत मैलोगणती लांब एक चीर पडली होती. मिदोरी या ठिकाणीं चिरेच्या एका बाजूची जमीन दुसरीपेक्षां जवळ जवळ वीस फूट उंच झालेली दिसली. जपानी भूस्तरशास्त्रज्ञ बुंजिरो कोतो यांनीं त्यावरून असा निष्कर्ष काढला कीं चीर हा भूकंपाचा परिणाम नव्हे, चीर सरकणें हेंच त्याचें कारण. खडकांवर वर्षानुवर्षें ताण सांचत जातो. वारली पोरांच्या धनुष्यासारखा खडक वांकतो, आणि सहन होईनासें झालें कीं जुन्या भेगेवर एकदम सुटतो. ती सुटण्याची झट म्हणजे भूकंप. हा ताण येतो कोठून, याचा उलगडा १९६० नंतरच्या दशकांत झाला. भूकवच हें मोठमोठ्या तुकड्यांचें असून ते तुकडे संथपणें सरकत असतात. आपला भारतखंडाचा तुकडा दरवर्षीं सुमारें पांच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकून आशियाखंडास रेटीत आहे. हिमालय हा त्या रेट्याचा प्रताप, आणि दख्खनच्या काळ्या फत्तराखालच्या जुन्या भेगांतहि त्याच रेट्याचा ताण पोंचतो. वज्रेश्वरी, गणेशपुरी, सातिवली येथें जें ऊन पाणी वर येतें, तें अशाच खोल भेगांची साक्ष देतें. भेगेंत पाणी शिरलें कीं ती सैल पडते. कोयनेचें धरण भरल्यानंतर ता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर उध्वस्त करणारा जो भूकंप झाला, तो जलाशयामुळें झाला असें शास्त्रज्ञ मानतात. डहाणूकडील धक्क्यांच्या मुळाशींहि खडकांत खोल मुरलेलें पावसाचें पाणी असावें, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे.

असो. मिल्न यांची जपानांतील वीस वर्षें संपत आलीं होतीं. ता. १७ फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांच्या घरास आग लागली. घर गेलें, वेधशाळा गेली, यंत्रें गेलीं, जन्मभर जमविलेलीं पुस्तकें व टिपणें गेलीं, भूकंपसभेच्या अहवालांच्या शिलकी प्रती गेल्या. ज्या मनुष्यानें हजारों धक्के मोजले, त्याचें घर भूकंपानें पाडलें नाहीं. एका सामान्य आगीनें त्याची राख केली. वय चव्वेचाळीस. दुसरा कोणी असता तर त्यानें मिळालेलें निवृत्तिवेतन घेऊन स्वस्थ बसणें पत्करलें असतें. जपानच्या बादशहांनीं त्यांस भेट दिली, मानचिन्ह दिलें. आणि त्याच वर्षीं मिल्न, त्यांची पत्नी व त्यांचे जपानी साहाय्यक शिनोबु हिरोता हे इंग्लंडच्या दक्षिणेस वाइट नांवाच्या बेटावर शाइड या खेड्यांत येऊन राहिले.

येथून त्यांच्या आयुष्याचा दुसरा, आणि आमच्या मतें मोठा, भाग सुरू होतो. मोठा भूकंप झाला तर त्याच्या लहरी सबंध पृथ्वीतून जातात, व पुरेसें नाजूक यंत्र असेल तर त्या जगाच्या दुसऱ्या टोंकासहि टिपतां येतील, असें मिल्न यांस पूर्वींपासून वाटत होतें. १८८९ च्या एप्रिलांत जपानांत झालेला भूकंप जर्मनींतील पोट्सडाम येथें फॉन रेबर-पाश्विट्स या तरुण शास्त्रज्ञाच्या यंत्रावर उमटला, तेव्हां तें सिद्धच झालें. मग भूकंपाच्या देशांतच राहिलें पाहिजे असें थोडेंच आहे? शाइडच्या आपल्या घराशेजारीं मिल्न यांनीं एक खोली बांधली. तींत आडवी दांडी झुलत असे. तिच्या फटींतून दिव्याचा किरण सरकत्या छायाचित्रकागदावर पडे. आणि पृथ्वीवर कोठेंहि मोठी उलथापालथ झाली कीं ती सरळ रेघ फुगून येई. पण एका यंत्रानें जागा ठरत नाहीं. एका घड्याळावरून गांवांतील सर्व घड्याळें बरोबर आहेत कीं नाहींत हें कळत नाहीं, तसेंच हें. म्हणून एकाच जातीचीं यंत्रें जगभर ठेवावीं व सर्वांनीं आपल्या नोंदी शाइडला पाठवाव्या, असा त्यांनीं उद्योग आरंभिला. ब्रिटिश असोसिएशन या शास्त्रीय संस्थेनें त्यास पाठबळ दिलें. कॅनडा, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशीं चाळीसांहून अधिक ठाणीं हळूहळू झालीं. कप्तान स्कॉट यांनीं १९०१ सालीं दक्षिण ध्रुवाकडे नेलेल्या जहाजावरहि मिल्न यांचें एक यंत्र होतें.

त्या मालिकेंतील एक मणि आमच्या मुंबईचा. ता. १२ जून १८९७ रोजीं आसामांत जो महाभूकंप झाला, त्यांत शिलाँगचीं दगडी घरें सपाट झालीं, आणि त्याच्या लहरी युरोपांतील यंत्रांवर स्पष्ट उमटल्या. त्या नोंदींवरून रिचर्ड ओल्डहॅम यांनीं लहरींचे वेगवेगळे प्रकार ओळखले, व १९०६ सालीं पृथ्वीच्या पोटांत निराळ्या द्रव्याचा गाभा आहे हें दाखविलें. हिंदुस्थानाबद्दलचें ज्ञान युरोपच्या कागदावर उमटावें आणि हिंदुस्थानांत यंत्र नसावें, ही उणीव लौकरच भरून निघाली. १८९८ सालीं कुलाब्याच्या वेधशाळेंत मिल्न-यंत्र बसलें. ही वेधशाळा १८२६ सालची. बाळशास्त्री जांभेकर व केरो लक्ष्मण छत्रे या आपल्या थोर पूर्वजांनीं एके काळीं तेथें काम केलें होतें. मिल्न-यंत्र आलें तेव्हां तिचे संचालक डॉ. नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस हे होते. त्या जागीं बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून चुंबकीय वेधांची यंत्रें १९०४ मध्यें अलिबागेस नेण्याची व्यवस्था झाली, ती याच मूस साहेबांच्या देखरेखीखालीं. कुलाब्याच्या अंधाऱ्या खोलींतील त्या कागदाच्या गुंडाळ्या शाइडच्या गुंडाळ्यांशी ताडून पाहिल्या जात, हें ध्यानांत आणलें म्हणजे त्या दूरच्या बेटावरील मनुष्य आम्हांस परका वाटत नाहीं.

या नोंदींचा उपयोग काय, असें विचारणारे तेव्हांहि होते. त्यांस उत्तर मिळत गेलें. एकदां जपानांतील कोबे शहर भूकंपानें बुडाल्याची तार आली व ज्यांचीं माणसें तिकडे होतीं त्यांच्या घरीं हाहाकार उडाला. मिल्न यांच्या कागदावरची रेघ सरळ होती. एवढा भूकंप झालेलाच नाहीं असें त्यांनीं सांगितलें, आणि तेंच खरें ठरलें. समुद्रतळाच्या तारांचेंहि तसेंच. १८८८ सालीं ऑस्ट्रेलियाच्या तारा एकाच वेळीं तुटल्या, तेव्हां शत्रूनें त्या कापल्या अशा शंकेनें तेथें लष्कर व आरमार सज्ज करण्यांत आलें होतें. समुद्राच्या तळाशींहि भूकंप होतात व ते तारा तोडतात, हें मिल्न यांच्यासारख्यांच्या नोंदींवरून कळूं लागल्यावर अशा भीतीचें कारण उरलें नाहीं.

जुन्या बखरी व याद्या चाळून जगांतील विनाशक भूकंपांची एक लांबलचक यादीहि त्यांनीं तयार केली. अशा कामांत फसगत कशी होते याचा एक नमुना आमच्याच किनाऱ्यावरचा आहे. ता. २६ मे १६१८ रोजीं मुंबई-वसईकडे मोठा संहार झाला, त्याची नोंद भूकंपांच्या याद्यांत शेंकडों वर्षें फिरत राहिली. अलीकडच्या अभ्यासकांस तो भूकंप नसून चक्रीवादळ असावें असें वाटतें. यंत्र नसलें म्हणजे वाऱ्यानें पाडलेलें घर आणि धरणीनें पाडलेलें घर कागदावर सारखेंच दिसतें.

मिल्न यांच्या हाताखालीं जपानी विद्यार्थ्यांची जी पिढी तयार झाली तींत फुसाकिचि ओमोरि हे प्रमुख होत. मिनो-ओवारीच्या मुख्य धक्क्यानंतर जे हजारों लहान धक्के येत राहिले ते मोजून ओमोरि यांनीं १८९४ सालीं दाखविलें कीं, मागाहून येणारे धक्के ठराविक रीतीनें कमी कमी होत जातात. आमच्या डहाणूच्या बाबतींत मात्र हा नियम लोकांस फारसा दिलासा देऊं शकला नाहीं. तेथें एक थोरला धक्का आणि त्यामागून त्याचीं पिल्लें, असा क्रम नव्हता. सारखेच लहान लहान धक्के हजारोंच्या संख्येनें, कधीं दाट कधीं विरळ, असे झुंडीनें येत राहिले. याच्यापेक्षां मोठा येईल कीं येणार नाहीं, हें छातीठोकपणें सांगणारा शास्त्रज्ञ जगांत नाहीं. मिल्न यांनींहि भूकंपाचें भाकीत वर्तविण्याच्या आशेनें पुष्कळ वर्षें खटपट केली. भरतीओहोटी, ऋतु, हवेचा दाब, सर्व ताडून पाहिलें. हातीं कांहीं लागलें नाहीं. अमुक तारखेस मोठा धक्का येणार असें जे कोणी ठामपणें सांगतात, त्यांस मिल्न यांच्याहून अधिक कळतें असें मानण्यास आम्ही तयार नाहीं.

१८८७ पासून ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद होते. १९०८ सालीं तिचें राजपदकहि त्यांस मिळालें. पण शाइडच्या गांवकऱ्यांस ते ठाऊक होते ते हंसतमुख, गप्पिष्ट, येईल त्यास यंत्राची खोली दाखविणारे गृहस्थ म्हणून. ता. ३१ जुलै १९१३ रोजीं मूत्रपिंडाच्या विकारानें त्यांचा अंत झाला. वय बासष्ट. ता. १ सप्टेंबर १९२३ रोजीं भूकंपानें व त्यामागून उठलेल्या आगीनें तोकियो व योकोहामा हीं शहरें जळालीं आणि एक लाखाहून अधिक माणसें मेलीं, तें पाहण्यास ते उरले नव्हते.

न्यूपोर्टजवळच्या बार्टन येथील दफनभूमींत त्यांस पुरलें. तोने बाई त्यानंतर सहा वर्षें त्या बेटावर एकट्या राहिल्या. त्यांस मूलबाळ नव्हतें. महायुद्ध चालूं होतें, समुद्र धोक्याचा होता. १९१९ सालीं त्या आगबोटीनें जपानास निघाल्या व आपल्या बापाच्या गांवीं हाकोदातेस जाऊन राहिल्या; तेथेंच कांहीं वर्षांनीं त्या वारल्या.